परतणारा प्रकाश आणि वळणारा प्रकाश



या व्यासपीठावर साहित्यिक येतात, प्राध्यापक येतात, इतिहासाचे अभ्यासक येतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ज्या गावच्या कचेरीवरील मोर्चात नऊ जणांनी हौतात्म्य पत्करले, त्या गावात कामगार संघटनेचा माणूस बोलवायचा म्हणजे तो मोर्चे, संप आणि हक्क यांवरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘प्रकाशाचे परावर्तन आणि वक्रीभवन’ असे उत्तर दिले, तेव्हा फोनवर क्षणभर काहीच ऐकू येईना. मग त्यांनी भीत भीत विचारले, “म्हणजे शाळेतलंच ना?” मी म्हटले, “होय, शाळेतलंच. पण माझी शाळा आठवीत सुटली. म्हणून मला ते शाळेबाहेर शिकावं लागलं.”

माझे वडील मुंबईत गिरणीकामगार होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली, आमची चाळीतली खोली सुटली, आणि आम्ही गावी परत आलो. त्यानंतर जे काही वाचले ते वाचनालयात, एस.टी.च्या स्टँडवर आणि युनियनच्या कचेरीत बसून वाचले. तेव्हा मी शास्त्रज्ञ या नात्याने बोलत नाही, हे आरंभीच सांगतो. एका माणसाच्या नोकरीसाठी मला हा विषय शिकावा लागला. ती हकीगत मी आज सांगणार आहे.

आधी आजचीच गोष्ट घ्या. दुपारी दहिवडीच्या बाजूने वडूजला येत होतो. ऊन असे की डांबर मऊ झालेले. पुढे रस्त्यावर पाणी साचलेले दिसले. त्यात समोरून येणाऱ्या ट्रकची उलटी प्रतिमासुद्धा हलत होती. आपण जवळ जावे तो पाणी पुढे सरकावे. माणदेश आणि खटाव या भागात राहणाऱ्याला मृगजळ नवे नाही. आपल्याकडे खरे पाणी दिसण्याआधी खोटे पाणीच पुष्कळदा दिसते! आता मला सांगा, हे जे दिसले ते परावर्तन की वक्रीभवन? उलटी प्रतिमा दिसते, तेव्हा परावर्तन असावे असे कोणीही म्हणेल. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. हा प्रश्न आपण तूर्त बाजूला ठेवू.

मुळात दोन्ही शब्दांचा अर्थ काय? परावर्तन म्हणजे परत फिरणे. प्रकाश हवेतून आला, आरशावर किंवा संथ पाण्यावर पडला आणि पुन्हा हवेतच माघारी गेला, तर ते परावर्तन. त्याचा नियम कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. सोंगटी कडेवर ज्या कोनात आदळते, साधारण त्याच कोनात ती दुसऱ्या बाजूला जाते. प्रकाश हा नियम सोंगटीपेक्षा काटेकोरपणे पाळतो.

वक्रीभवन म्हणजे वाकणे. येथे प्रकाश माघारी जात नाही. तो हवेतून पाण्यात, पाण्यातून काचेत, काचेतून हवेत असा पलीकडे शिरतो, आणि शिरताना त्याची दिशा बदलते. आता मुलांच्या पुस्तकात याला ‘अपवर्तन’ म्हणतात. शब्द बदलला, वस्तू तीच आहे. मी मात्र जुन्या पुस्तकातून शिकलो, म्हणून माझ्या तोंडी वक्रीभवनच बसले आहे.

हा प्रकाश वाकतो का? याचे कारण त्याच्या वेगात आहे. मोकळ्या अवकाशात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो आणि हवेतही जवळजवळ तेवढाच. पाण्यात तो सुमारे सव्वादोन लाखांवर येतो, काचेत सुमारे २ लाखांवर. वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी, हे मला पुस्तकातून चटकन उमगले नाही. ते मला मोर्चावरून उमगले. समजा, दहा-दहा कामगार हातात हात घालून रांगेने सडकेवरून चालले आहेत आणि सडक सोडून तिरपे नांगरटीत उतरत आहेत. रांगेच्या ज्या टोकाचे पाय आधी ढेकळांत पडतात, ते टोक मंदावते. दुसरे टोक अजून सडकेवर आहे, ते झपझप चालते. हात तर सुटलेले नाहीत. मग काय होते? सगळी रांग वळते. प्रकाश तिरपा पाण्यात शिरतो तेव्हा हेच घडते. आणि रांग सरळ समोरून शेतात शिरली, तर सगळे एकदम मंदावतात, पण कोणी वळत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. सरळ उभा शिरला तर हळू होतो, वाकत नाही.

घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. पातेल्यात एक नाणे टाका. पातेल्याच्या काठाआड नाणे लपेल इतके मागे सरा. आता आपण न हलता दुसऱ्या कोणाला तरी पातेल्यात हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे जागचे हलले नाही, तुम्हीही हललेला नाही, पण नाणे दिसू लागते. त्याच्याकडून निघालेला किरण पाण्याबाहेर पडताना वाकून तुमच्या डोळ्यात आला. डोळ्याला बिचाऱ्याला वाकणे समजत नाही. त्याला वाटते, किरण सरळच आला. म्हणून नाणे आहे त्यापेक्षा वर उचललेले दिसते.

येथे एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विहिरीचे किंवा तलावाचे स्वच्छ पाणी सरळ वरून पाहिले, तरी ते खऱ्या खोलीच्या सुमारे पाऊणपटच दिसते. बारा फूट पाणी नऊ फूट दिसते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ वाटते. तळाचा दगड दिसतो, म्हणून मूल उतरते आणि पाय टेकत नाहीत. मायणीच्या तलावावरचा बगळा चोच मारताना ही चूक करीत नाही. मासा दिसतो तेथे नसतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आपल्या पोरांच्या ते अंगवळणी पडलेले नसते, म्हणून ते सांगावे लागते.

आता कोणी असे समजू नये की आरसा तेवढा परावर्तन करतो आणि काच तेवढी वक्रीभवन करते. एकाच काचेवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. रात्रीच्या एस.टी.त बसून खिडकीकडे पाहा. आत दिवा असेल तर बाहेरचे शिवार दिसत नाही, आपलेच तोंड दिसते. दिवसा त्याच काचेतून सारा मुलूख दिसतो. काच बदललेली नाही. तिच्या प्रत्येक पृष्ठावरून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी शंभरातले सुमारे चार भाग नेहमीच माघारी येतात. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे ते चार भाग जाणवत नाहीत. रात्री बाहेर अंधार असतो, म्हणून तेवढेच आपल्याला दिसतात. म्हणून तर पुढच्या बाजूचा आतला दिवा लागला की ड्रायव्हर ओरडतो, “ओ मास्तर, दिवा घालवा!” त्याला समोरच्या काचेत रस्त्याऐवजी कंडक्टर दिसत असतो. परावर्तन आणि वक्रीभवन यांतला फरक त्याला कोणी शिकवला नसेल, पण पन्नास माणसांचा जीव त्याच्या हाती असतो, म्हणून तो त्याला पक्का ठाऊक असतो.

या फरकावर मोठमोठ्या यंत्रांची रचना ठरलेली आहे. दुर्बीण दोन तऱ्हांनी करता येते. भिंगाने, म्हणजे वक्रीभवनाने. किंवा खोलगट आरशाने, म्हणजे परावर्तनाने. भिंगात एक अडचण आहे. तांबडा प्रकाश कमी वाकतो आणि जांभळा अधिक वाकतो, त्यामुळे साध्या भिंगातून पाहिलेल्या ताऱ्याला रंगीत कडा येतात. आरसा मात्र सर्व रंगांना एकाच कोनात परत पाठवतो, त्याच्यापाशी रंगभेद नाही. म्हणून न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली. आपल्या पुण्यात सायन्स कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. तेथे २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती, त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी हेच नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रे घेऊन गेले होते. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज जुन्नरजवळ गिरवलीला आयुका संस्थेची दुर्बीण आहे, तिचाही आरसाच आहे, २ मीटर व्यासाचा.

आता ज्या हकीगतीचे वचन दिले, तिच्याकडे वळतो.

सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात बॉयलरवर आमचे एक सभासद फायरमन होते. सगळे त्यांना नाना म्हणत. कारखान्याचे नाव मी घेणार नाही. आज त्याचे प्रयोजन नाही. बॉयलर जुना, कोळशावर चालणारा. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे फायरमनला सतत पाहावे लागते. पाणी फार खाली गेले आणि आच चालू राहिली, तर आतला पत्रा तापून लाल होतो आणि मग जे होते ते पाहायला पुष्कळदा फायरमन उरत नाही. पाणी दाखवण्यासाठी बॉयलरला बाहेरून काचा बसवलेल्या असतात. कामगार त्यांना नुसते ‘ग्लास’ म्हणतात. एकीने दगा दिला तर दुसरी असावी, म्हणून ग्लास दोन असतात.

त्या रात्री नानांना ग्लास वरपर्यंत काळी दिसत होती. काळी म्हणजे पाणी भरलेले. त्यांनी पंप चालू केला नाही. पहाटे बॉयलरमधला लवकर वितळणाऱ्या धातूचा प्लग वितळला, त्यातून वाफ भट्टीत उतरली आणि आच विझली. तो प्लग त्याच कामासाठी असतो. त्याने आपले काम केले, म्हणून कोणाला इजा झाली नाही. नानांना मात्र सकाळी आरोपपत्र मिळाले. कामात अक्षम्य हयगय, पाण्याच्या पातळीकडे दुर्लक्ष. शिक्षा ठरल्यासारखीच होती, बडतर्फी. घरी दोन मुली शिकत होत्या. नाना मला एवढेच म्हणाले, “आण्णा, मी डोळं मिटलं न्हवतं वो. ग्लास काळीच हुती.”

चौकशीत त्यांचा बचाव मी करीत होतो. पहिल्या तारखेला मी मोठ्या तावातावाने म्हणालो, “काच खराब होती. तिच्यात आरशासारखे परावर्तन झाले आणि नसलेले पाणी दिसले.” कारखान्याचे अभियंते शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, “परावर्तन झाले असते, तर काच चांदीसारखी दिसली असती, काळी नव्हे. परावर्तन आणि वक्रीभवन यांतला फरक तरी सांगता येईल का आपल्याला?” मला सांगता आला नाही. खोलीत दोघे-तिघे हसले. नाना माझ्या तोंडाकडे पाहत होते. मंडळी, भाषणे ठोकून मी पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत, पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. कारण अभियंत्यांचे म्हणणे खरे होते.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. मी वाचनालयातून पदार्थविज्ञानाचे शालेय पुस्तक काढले. एका हायस्कूलच्या शिक्षकांच्या घरी आठ संध्याकाळी गेलो. तेथे मला जे कळले ते असे.

प्रकाश हवेतून काचेत शिरतो, तेव्हा काही ना काही आत जातोच. पण काचेतून बाहेर हवेत निघताना गंमत होते. तो फारच तिरपा असेल तर त्याला बाहेर पडताच येत नाही. तो सगळाच्या सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. ज्या कोनापासून हे सुरू होते त्याला क्रांतिक कोन म्हणतात. काचेबाहेर हवा किंवा वाफ असेल तर हा कोन सुमारे ४२ अंश असतो. काचेबाहेर पाणी असेल तर तो सुमारे ६२ अंश असतो. हे दोन आकडे ध्यानात ठेवा.

बॉयलरची ती ग्लास म्हणजे साधी काच नव्हे. ती जाड पट्टी असते आणि तिच्या आतल्या अंगाला, पाण्याकडच्या बाजूला, उभ्या काटकोनी खाचा पाडलेल्या असतात. समोरून शिरलेला प्रकाश या खाचांच्या बाजूवर ४५ अंशांनी आदळतो. मागे वाफ असेल तर ४५ हे ४२ पेक्षा जास्त, म्हणून प्रकाश पूर्ण परततो आणि काच चांदीसारखी चमकते. मागे पाणी असेल तर ४५ हे ६२ पेक्षा कमी, म्हणून बहुतेक प्रकाश वाकून पाण्यात निघून जातो, डोळ्याकडे काही येत नाही आणि काच काळी दिसते. म्हणजे फायरमन पाणी पाहतच नसतो. परावर्तन कोठे संपले आणि वक्रीभवन कोठे सुरू झाले, ती सीमा तो पाहत असतो. त्या सीमेवर त्याचा जीव असतो.

मग वाफ असताना काच काळी का दिसावी? शिक्षकांनी पाण्याने भरलेला काचेचा पेला माझ्या हातात दिला आणि वरून, पाण्याच्या पृष्ठातून, पेल्याच्या बाजूकडे पाहायला सांगितले. बाजू चांदीसारखी चकाकत होती आणि पलीकडची माझी बोटे दिसतच नव्हती. मग ओले बोट बाहेरून घट्ट दाबले. जेथे बोट काचेला खरोखर चिकटले, तेवढ्याच जागी चांदी गेली आणि बोटाच्या रेषा उमटल्या. काचेला काय चिकटले आहे, यावर सारे अवलंबून आहे. ग्लासच्या खाचा गरम पाण्याने आणि वाफेने झिजतात, त्यांच्या कडा बोथट होतात, त्यांत क्षारांचा ओला थर बसतो. मग प्रकाशाला परतायला जागाच राहत नाही. वाफ असो की पाणी, काच काळीच दिसते.

दुसऱ्या तारखेला मी चौकशी अधिकाऱ्यांना विनंती केली की बॉयलरवरून काढलेली ग्लास आणि स्टोअरमधली नवी ग्लास, दोन्ही मेजावर ठेवाव्यात. नवी कोरडी ग्लास चांदीसारखी दिसली. तिच्या खाचांवर पाणी ओतताच ती काळी पडली. पुसली, पुन्हा चांदी. मग जुनी घेतली. कोरडी असताना मळकट काळी, ओली केली तरी मळकट काळी. मी म्हणालो, “साहेब, ही ग्लास पाणी असले तरी पाणी म्हणते आणि नसले तरी पाणी म्हणते. तिची साक्ष ग्राह्य धरून माणसाला घरी पाठवू नका.” अभियंत्यांनी दोन्ही ग्लास स्वतः हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, “हे बरोबर आहे.” सत्य समोर आल्यावर ते मान्य करणारा माणूस मालकाच्या बाजूला बसला असला, तरी त्याच्याविषयी आदर वाटतो.

पण हकीगत येथे संपवली, तर ती अर्धी खोटी होईल. दुसऱ्या ग्लासचे कॉक गळतीमुळे महिनाभर बंद होते, ही व्यवस्थापनाची चूक होती. परंतु ग्लासमधून पाणी-वाफ सोडून ती तपासली तरी ती काळीच राहते, हे नानांच्या चार दिवस आधीच ध्यानात आले होते. त्यांनी ते सुपरवायझरला तोंडी सांगितले, वहीत लिहिले नाही आणि त्याच ग्लासवर पाळ्या चालवल्या. ही नानांची चूक होती. आणि आमच्या सभासदांना वहीत लिहायला आम्ही कधी शिकवले नव्हते, ही युनियनची, म्हणजे माझी चूक होती. बडतर्फी टळली. निलंबनाच्या एका महिन्याचा पगार नानांना सोडावा लागला. दोन्ही ग्लास चालू झाल्या आणि ग्लास बदलल्याची तारीख वहीत लिहायची, असे ठरले. नाना पुढे सेवा पुरी करून निवृत्त झाले. हा मोठा विजय नव्हता. पण त्या बॉयलरवर जे पुढे उभे राहिले, त्यांच्या कामी तो आला.

आता मृगजळाचा प्रश्न बाकी आहे. रस्त्यालगतची हवा फार तापते, विरळ होते, आणि तिच्यात प्रकाश वरच्या थंड हवेपेक्षा किंचित जलद जातो. आकाशाकडून खाली येणारा तिरपा किरण या थरांतून जाताना थोडा थोडा वाकत जातो आणि शेवटी जमिनीला न लागताच वर वळून आपल्या डोळ्यात शिरतो. डोळा समजतो, तो रस्त्यावरून सरळ आला. आपण पाहतो ते आकाश असते आणि म्हणतो ते पाणी! दिसायला परावर्तन, पण काम वक्रीभवनाचे. हीच हवा सूर्याचेही किरण वाकवते. त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही सुमारे दोन मिनिटे आपल्याला दिसत राहतो, आणि सकाळी तितकाच आधी दिसू लागतो. दिवसाला चार मिनिटे वाढवून मिळतात. मालकाला न विचारता हवेने दिवस लांबवला, त्याचा ओव्हरटाइम मात्र कोणी देत नाही!

आपल्याच जिल्ह्यात ओगलेवाडीला १९१६ पासून ओगले बंधूंचा काचकारखाना होता आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर होता. आता तो कारखाना बंद आहे. त्या कंदिलाच्या काचेतून आपल्या आजीने पाहिलेला उजेड असो, की आज काचेच्या बारीक तारेतून आत परतत-परतत गावोगाव येणारे फोनचे संदेश असोत, प्रकाशाचे हे दोनच व्यवहार त्यांच्या मुळाशी आहेत. ते समजायला कॉलेज लागत नाही. पातेले, नाणे, पेला आणि कोणी हसले तरी विचारण्याचे धैर्य एवढे पुरते.

या सुट्टीत मुलांना विहिरीवर न्याल, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांना काठी घालून खोली मोजायला लावा. दिसते किती आणि आहे किती, हे त्यांनी आपल्या हाताने मोजलेले बरे.